तेराशे चव्वेचाळीस

सरकारी छापखान्यात बेरीजबाईंना एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत एखादा आकडा खरा की खोटा, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते त्यांचं कामच नव्हतं. तक्त्याची उभी बेरीज आणि आडवी बेरीज शेवटच्या चौकटीत एकमेकींना भेटतात की नाही, एवढंच त्यांनी पाहायचं. भेटल्या, की ‘बेरीज बरोबर’ असा जांभळा शिक्का, त्याखाली सही, आणि कागद यंत्रावर. नाही भेटल्या, तर तक्ता पाठवणारा कितीही मोठा अधिकारी असो, त्याला बाईंच्या टेबलासमोरच्या डुगडुगत्या स्टुलावर येऊन बसावं लागे. ते स्टूल बाईंनी मुद्दामच दुरुस्त करून घेतलं नव्हतं.

त्या मंगळवारी टेबलावर होतं ‘जुन्या प्रांताचा इतिहास आणि लोकसंख्या’, सुधारलेली आवृत्ती. हा प्रांत म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यांनी चार मुलखांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी. राज्य गेलं, गोधडी उसवली, तिचे चार जिल्हे झाले. हत्ती गेला, शेपूट तेवढं राहिलं: प्रांताची तीन मजली दगडी कचेरी, जिच्या तळमजल्यावर आता छापखाना होता, आणि प्रांताचा अभिमान बाळगणारी थोडी माणसं. त्यांतले सगळ्यांत अभिमानी म्हणजे या पुस्तकाचे संपादक, एक निवृत्त प्राध्यापक. किती वाजले विचारलं तरी आधी भूमिका मांडायचे, म्हणून छापखान्यात त्यांचं नाव ‘प्रस्तावना’ पडलं होतं. प्रकाशन शनिवारी होतं, मंत्र्यांच्या हस्ते, याच कचेरीच्या अंगणात.

मागच्या आवृत्तीत दर दहा वर्षांच्या शिरगणतीचे आकडे वेगवेगळ्या प्रकरणांत होते. या वेळी प्रस्तावनांनी तीन मोजण्या शेजारीशेजारी मांडल्या होत्या. पान दोनशे चौदा, तक्ता सतरावा. बाईंचं बोट नवव्या ओळीवर आलं आणि थांबलं.

खाणीवरचं गाव. पुरुष सहाशे एकाहत्तर, बायका सहाशे त्र्याहत्तर, एकूण तेराशे चव्वेचाळीस. दहा वर्षांनी सहाशे एकाहत्तर, सहाशे त्र्याहत्तर. आणखी दहा वर्षांनी, तेच.

बाईंनी चष्मा पुसला. बेरीज बरोबर होती. उभी बरोबर, आडवीही बरोबर. फक्त वीस वर्षांत त्या गावात कुणी जन्मलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं, एक पोरगी सासरी गेली नव्हती की एक सून घरात आली नव्हती.

“सासवा नाहीत की सुना नाहीत. असं गाव असेल तर मी आजच तिथे बदली मागते,” त्या शेजारी खिळे जुळवत बसलेल्या जुळाऱ्याला म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

ते हसू समोरच्या पानापर्यंत टिकलं. पान दोनशे पंधरावर प्रस्तावनांनी लिहिलं होतं: ‘खाणीवरच्या गावाची लोकसंख्या वीस वर्षे एका माणसानेही ढळली नाही. प्रांताच्या आरोग्यव्यवस्थेचा याहून बोलका दाखला कोणता?’

खाणीवरचं गाव म्हणजे बाईंच्या सासूचं माहेर. म्हातारी त्याबद्दल एकच वाक्य बोलायची, तेही भांडी घासता घासता: “आमचं गाव खाणीनं खाल्लं.” बाईंनी ते म्हातारपणाच्या बोलण्यात जमा धरलं होतं. आता नववी ओळ त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांच्या तळपायात काहीतरी पेटायला लागलं होतं.

त्या उठून व्यवस्थापकांकडे गेल्या. हे गृहस्थ कुणालाच नाही म्हणत नसत. वरच्याला ‘हो हो’, खालच्याला ‘हो हो’. दोघांचं काम मात्र करत ते वरच्याचंच. त्यांना सगळे होहो म्हणत.

“हो हो, बघू ना,” होहो तक्ता न बघता म्हणाले. “बेरीज जुळते?”

“जुळते. म्हणूनच आले.”

“अहो बाई, जुळत नसेल तर या! जुळते म्हणून तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

“साहेब, मागचा आकडा पुढे उतरवून काढलाय. तिथे मोजायला कुणी गेलंच नाही.”

“हो हो, नसेल गेलं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आता तुम्ही जाणार का मोजायला?” ते स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. “आपण बेरीज बघायची, बाई. खरंखोटं बघायला वर माणसं आहेत.”

वर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, त्या दिवशी फक्त कबुतरं होती.

घरी आल्यावर बाईंनी म्हाताऱ्या सासूपुढे बसून ती ओळ वाचून दाखवली. सासू शहाऐंशीची. डोळे बरे होते, पण अक्षराशी कधी ओळख झाली नव्हती. ती लसूण सोलत होती. पहिला आकडा ऐकला तेव्हा तिने मान हलवली. “हां. तेवढे होते. आजा सांगायचा. खाण उघडली तेव्हा गोरा साहेब स्वतः आला होता. माणसं ओळीत उभी केली, दात बघितले, दंड दाबून बघितले. हात किती आहेत ते हवं होतं ना त्याला.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“दुसऱ्या वेळी कुठला येतोय तो. चढ होता, आणि वर ताप होता. खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचायचं, त्या पाण्याचा ताप. त्यातून उरला त्याला धुळीचा खोकला. मोजणारे खालच्या डाकबंगल्यात बसले, कोंबडी खाल्ली, गेले.”

“आई, यात लिहिलंय की वीस वर्षांत एकही माणूस कमी झाला नाही. आणि ते साहेबाच्या दवाखान्यामुळे.”

लसणाची पाकळी सासूच्या बोटांत तशीच राहिली. “कुणाचा दवाखाना?”

“सरकारचा.”

“माझ्या आज्याला सात भावंडं होती. साही जणांना त्यानं खांद्यावर नेलं, सातवी बहीण, तिला उचलायला दुसरा खांदा मिळेना म्हणून पाठीला बांधून नेली.” म्हातारीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि बाईंना ते जास्त भारी पडलं. “आणि तुझं पुस्तक म्हणतं ती जिवंत आहे. मग आण तिला! पाणी भरायला तरी होईल.”

“पुस्तक माझं नाही हो.”

“शिक्का कुणाचा असतो?”

सासू उठली, स्वयंपाकघरातून दगडी खलबत्ता घेऊन आली आणि तो सुनेच्या पुढ्यात उपडा केला. बुडाला तीन रेघा होत्या, एका ठिकाणी मिळालेल्या, पाखराच्या पायासारख्या. तीस वर्षं त्या खलात मिरं कुटणाऱ्या बाईंना तो दगडाचा दोष वाटत आला होता.

“आमच्या घराची खूण. घरटी एक. बाप मेला की मुलगा तीच खूण घालायचा, घर बुडालं की खूण बुडाली. कुणी किती चिरे घडवले ते मुकादमाला कळावं म्हणून प्रत्येक चिऱ्यावर घालायची.” तिने बत्ता सुनेकडे रोखला. “तुझी कचेरी कशाची बांधलीय? आमच्याच दगडाची. अठरा वर्षं चाललं होतं काम. जा, बघ भिंतीवर. हातच्या कांकणाला आरसा कशाला पाहिजे?”

बुधवारी बाई तासभर लवकर पोचल्या, तर गिलावा करणारा त्यांच्याही आधी आला होता. मंत्री येणार म्हणून दगड जुनाट दिसतो असं होहोंना कुणीतरी वरून सांगितलं होतं, आणि होहोंनी हो हो म्हटलं होतं. तळमजल्याच्या लांब ओसरीवर गिलावा सुरू होता. बाईंनी भिंतीला गाल टेकवला आणि उजेड तिरपा पडला तसं त्यांना दिसलं. एका चिऱ्यावर अर्धा चंद्र, दुसऱ्यावर शिडी. पुढे मासा, दोन टिंबं आणि रेघ, कुऱ्हाड. एकतीस वर्षं त्या याच भिंतीला छत्री टेकवत आल्या होत्या.

त्यांनी कागद काढला. प्रत्येक नवी खूण उतरवायची, तीच पुन्हा आली तर सोडून द्यायची. गिलावेवाला डावीकडून येत होता, बाई उजवीकडून.

“बाई, सरका, ओलं लागेल.”

“थांब रे दोन मिनिटं. एवढा खांब होऊ दे.”

“कसली नक्षी काढताय?”

“माणसं उतरवतेय.”

तो हसला आणि त्याने कुऱ्हाडीवर थापी फिरवली. दगड न खरवडता, धूळही न झाडता तो थेट चुना मारत होता. बाईंनी ते पाहिलं, पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

जेवणाची सुट्टी पहिल्या मजल्यावर गेली, संध्याकाळ वरच्या मजल्यावर. सहा वाजता जिन्यात बसून त्यांनी बेरीज केली. तळमजल्यावर वेगवेगळ्या खुणा दोनशे बारा. पहिल्या मजल्यावर सत्त्याण्णव. अगदी वर, छताखाली, एकतीस. भिंत जसजशी चढत गेली होती तसतशी घरं बुडत गेली होती. मोजायला कुणी गेलं नव्हतं, तरी दगडाने हिशेब ठेवला होता, आणि त्याच दगडांच्या आत बसून त्या आयुष्यभर बेरजा तपासत होत्या. पाखराचा पाय तिन्ही मजल्यांवर होता. वरच्या मजल्यावर तो वाकडा पडला होता. हात थरथरणाऱ्या माणसाने कोरावा तसा.

गुरुवारी सकाळी प्रस्तावना डुगडुगत्या स्टुलावर बसले होते, आणि होहो दारात उभे होते.

“मुळात,” प्रस्तावनांनी सुरुवात केली, “इतिहास म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ.”

“ते नंतर समजू, सर. आधी नववी ओळ.” बाईंनी खुणांचा कागद पुढे सरकवला आणि थोडक्यात सगळं सांगितलं.

प्रस्तावनांनी कागद दोन बोटांनी धरला, ओल्या मोज्यासारखा. “या रेघोट्या आहेत.”

“तुमचे साहेब डाकबंगल्यात कोंबडी खाऊन जे लिहून गेले, त्याही रेघोट्याच.”

“त्या साहेबांनी या प्रांतासाठी वीस वर्षं वेचली, बाई! एवढं बारकाईनं कुणी लिहिलंय आपल्याबद्दल?”

“तेच म्हणते. इतकं बारीक, की दोन माणसंसुद्धा इकडची तिकडे झाली नाहीत. सर, तुमच्या सोसायटीत किती घरं?”

“चाळीस. का?”

“वीस वर्षांत कुणी गेलं?”

प्रस्तावनांचा चेहरा क्षणभर बदलला. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती, आणि हे बाईंना ठाऊक होतं. पण तो क्षण त्यांनी घशाखाली घातला आणि पुन्हा नाकाने कांदे सोलायला लागले. “भावनेवर आकडे बदलत नाहीत. कागदाला कागद लागतो. आणि तुम्हाला आज अचानक हा उमाळा का?” त्यांनी पिशवीतून मागची आवृत्ती काढली, खूण घातलेलं पान उघडलं. “वीस वर्षांपूर्वी हेच आकडे तपासून कुणी पाठवले? शेवटच्या पानावर तपासनिसाची सही छापलेली असते. ही कुणाची?”

सही बाईंचीच होती. तेव्हा ती जरा गोल होती, उत्साही.

बाईंना समोरच्या माणसाचा राग होताच. आता तो वळून घरी आला. त्यांनीच तीन वेगळ्या प्रकरणांत तीनदा तोच आकडा तपासला होता, तीनदा शिक्का मारला होता, आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याच म्हातारीच्या हातचा चहा प्यायला होता.

“मग?” होहो मऊ आवाजात म्हणाले. “उगाच कशाला, बाई? सात महिने राहिले तुमचे. नसेल करायची सही तर दुसरं कुणी करेल. यंत्र थांबलंय.”

बाईंनी मागची आवृत्ती मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी शिक्का शाईत बुडवला, ‘बेरीज बरोबर’ असा पान दोनशे चौदावर मारला आणि सही केली. प्रस्तावनांनी सुस्कारा सोडला. होहो दोनदा हो हो म्हणाले. सकाळपासूनच्या तणावाने सगळ्यांना भूक लागली होती, आणि दोघंही चहाला गेले.

छापखान्याच्या नियमांची एक जाडजूड वही होती. ती होहोंनी कधी उघडली नव्हती. बाईंना ती पाठ होती. नियम बेचाळिसावा: छापून झालेल्या मजकुरात स्वतःच्या सहीने गेलेली चूक ज्याच्या लक्षात येईल, त्याने स्वतःच्या सहीने शुद्धिपत्र काढावे, अशा शुद्धिपत्रास अन्य कुणाच्या मंजुरीची गरज नाही. ज्याची सही, त्याचं शुद्धिपत्र. दुसऱ्या कुणी सही केली असती, तर बाईंच्या हातात काहीच उरलं नसतं.

छपाई दुपारी संपली. संध्याकाळी बाई बांधणी खात्यात गेल्या. तिथे खळमामा होते. चाळीस वर्षं पुस्तकांना खळ लावून त्यांची बोटं एकमेकांना चिकटतील की काय असं वाटायचं. बाईंनी त्यांच्या हातात जुळाऱ्याकडून छापून घेतलेल्या, बोटभर रुंदीच्या पाचशे चिठ्ठ्या ठेवल्या. मामांनी चष्मा कपाळावर नेऊन वाचलं:

‘शुद्धिपत्र. पृष्ठ २१४, तक्ता १७, ओळ ९. दुसऱ्या व तिसऱ्या मोजणीत १३४४ ऐवजी “मोजले नाहीत” असे वाचावे. तक्त्याच्या सर्व एकूण बेरजा त्यामुळे चुकीच्या आहेत. प्रांताच्या कचेरीच्या भिंतींवर या गावातील घरटी एक खूण आहे: तळमजला २१२, पहिला मजला ९७, वरचा मजला ३१. ही चूक या व मागील अशा दोन्ही आवृत्त्यांत माझ्या सहीने गेली आहे. बेरीज तपासनीस.’

“पान दोनशे पंधराबद्दल काही नाही?” मामांनी विचारलं. “तो दवाखान्याचा दाखला?”

“तो मजकूर. माझं खातं तक्त्यांचं. त्याला मी हात लावत नाही.”

मामांनी चिठ्ठी तक्त्याच्या पानाच्या कडेला धरून पाहिली. समोरच्या पानावरचं ‘याहून बोलका दाखला कोणता?’ हे वाक्य तिच्या अगदी नाकासमोर आलं. मामा खोकल्यासारखे हसले. “तुम्ही फार वाईट बाई आहात.”

“खळ घट्ट लावा. फाडली तर पान फाटलं पाहिजे.”

शनिवारी मंत्र्यांनी पुस्तक उघडलं ते नेमकं जिथे कागद जाड लागत होता तिथे. छायाचित्र निघेपर्यंत त्यांना काहीतरी वाचणं भाग होतं, म्हणून ती चिठ्ठी त्यांनी मनापासून वाचली आणि मग मान वर करून कचेरीच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. “कुठे आहेत खुणा?” त्यांनी विचारलं. होहो हो हो म्हणाले. प्रस्तावनांना आयुष्यात पहिल्यांदाच प्रस्तावना सुचली नाही. मंत्र्यांनी पुस्तक मिटलं आणि भाषण आवरतं घेतलं. बाईंच्या टेबलावर चार वाजता ज्ञापन आलं: सोमवारपासून त्यांची नेमणूक रद्दी कोठारात.

सासूला हे सगळं बाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं, चिठ्ठी वाचून दाखवली. शाबासकीची अपेक्षा नव्हती, असं त्या म्हणाल्या असत्या, पण होती.

म्हातारीने चिठ्ठी बोटावर ठेवून लांबी पाहिली. “एवढीशी?”

“नियमात एवढीच बसते.”

“आणि भिंत?”

“भिंतीवर गिलावा झाला, आई.”

“म्हणजे तुझ्या चिठ्ठीत लिहिलंय भिंतीवर बघा, आणि भिंत त्यांनी झाकली.” म्हातारी आता खरोखर तापली. “मग तुला खोटारडी ठरवायला कितीसा वेळ? चप्पल घाल.”

“आत्ता? तिथे कुलूप असेल.”

“ओसरीला कुठलं आलंय कुलूप? मला घेऊन चल.” तिने खलबत्त्यातला बत्ता काढला आणि पदरात गुंडाळला.

अंगणात मांडवाच्या खुर्च्या अजून एकावर एक रचलेल्या होत्या. सासूने ओसरीच्या भिंतीला हात लावला, मग बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज पोकळ आला. तिने सुनेकडे वळून बघितलं, आणि त्या नजरेत पाथरवटाच्या घरातला सगळा तिरस्कार होता.

“दगड खरवडला नाही त्यानं. धूळसुद्धा झाडली नाही. घडीव दगडावर असा गिलावा धरतो होय? मोजणारे आळशी, आणि झाकणारे त्याहून आळशी!”

तिने बत्ता उचलला आणि मारला. गिलावा फुटला नाही. ताटाएवढा आख्खा पापुद्रा सुटून पायाशी पडला. आत कुऱ्हाड होती. दुसऱ्या घावाला शिडी निघाली. म्हातारी धापा टाकत होती, पण तिसरा घाव तिने सुनेला घालू दिला नाही.

पहारेकरी धावत आला. “ओ आजी! काय चाललंय हे?”

“मोजणी,” सासू म्हणाली.

पहारेकऱ्याने बाईंकडे पाहिलं. एकतीस वर्षं या बाईंना त्याने वेळेवर येताना आणि वेळेवर जाताना पाहिलं होतं. त्यांनी ओच्यातून खुणांचा कागद काढला, पेन्सिलीने कुऱ्हाडीपुढे एक आणि शिडीपुढे एक टिंब दिलं.

“साहेबांना फोन करावा लागेल मला,” तो पडलेल्या आवाजात म्हणाला. “किती वेळ चालणार आहे?”

“दोनशे बारा घरं आहेत,” बाई म्हणाल्या. “तू फोन कर. आणि आजींना ती एक खुर्ची आणून दे.”